हिरव्या-नारिंगी आकाशातला डाव

आपल्या घरांतून निवड ही मोठी कडक असते. देवगडचा हापूस कोणता आणि त्याच्या पेटीत दडपून दिलेला दुसरा कोणता, हे आपण वासावरून सांगतो. नाट्यसंगीत आणि भावगीत यांची गल्लत कोणी केली तर आपल्याला खपत नाही. पण मुले संगणकावर किंवा फोनवर जे काही खेळतात त्या सगळ्याला आपण एकच नाव देऊन मोकळे होतो: 'व्हिडिओ गेम'. त्यात कोणता बरा, कोणता वाईट, कोणता निव्वळ पैसे उकळणारा आणि कोणता कोणी जीव ओतून केलेला, हे पाहण्याची तसदी वडीलधारी मंडळी सहसा घेत नाहीत. नाटकाचे, सिनेमाचे, पुस्तकाचे परीक्षण होते, मग खेळाचे का होऊ नये? म्हणून यंदा एक खेळ निवडून त्याचे गुणदोष वाचकांसमोर मांडावेत असे ठरविले. खेळाचे नाव 'झीरोरेंजर'. जात आकाशयुद्धाची. कर्ते दोन फिनिश गृहस्थ. प्रसिद्धीचे साल २०१८.

आकाशयुद्धाचा खेळ म्हणजे काय, हे ज्यांनी तो कधीच पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. पडद्याच्या खालच्या बाजूस आपले यान, वरून येणारी शत्रूची याने, त्यांच्या गोळ्या चुकवायच्या आणि आपल्या त्यांना लागू द्यायच्या. बस्स, कथानक एवढेच. पण ओवीचे वृत्तही तसे साधेच असते, आणि त्यात काय काय भरता येते हे आपल्याला कोणी सांगायला नको.

या घराण्याचा मूळ पुरुष मोठा गमतीचा आहे. १९६२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये पीडीपी-१ नावाचा एक भलामोठा संगणक नव्याने आलेला होता. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी त्यावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ बसविला. मधोमध एक तारा, त्याचे गुरुत्वाकर्षण, आणि त्याच्याभोवती घिरट्या घालीत एकमेकांवर गोळ्या झाडणारी दोन याने. खेळायला माणसेही दोन. हा खेळ कोणी विकला नाही आणि विकण्यासाठी केलाही नव्हता. नव्या यंत्राची ताकद पाहावी आणि मजा करावी, एवढाच हेतू. म्हणजे आकाशयुद्धाची सुरुवातच मुळी हौशी मंडळींनी केली, हे ध्यानात ठेवावे. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

धंदा आला तो नंतर. १९७८ साली जपानच्या टाइटो कंपनीतील तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार केला. या माणसाच्या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडे. खेळाची कल्पना त्यांची, चित्रे त्यांची, आज्ञावली त्यांची, इतकेच काय, खेळ ज्यावर तयार करायचा ती यंत्रसामग्रीही त्यांनी स्वतःच जुळविली. पडद्यावर ५ रांगांत ११-११ असे ५५ परग्रहवासी एका लयीत डावी-उजवीकडे सरकतात आणि कडेला पोचले की एक पायरी खाली उतरतात. आपली तोफ तळाशी, तिच्यापुढे आडोशाला ४ भिंती. जसजसे शत्रू कमी होतात तसतसे उरलेले अधिक वेगाने येऊ लागतात, आणि शेवटचा एकटा तर बेभान धावतो. हा वेग निशिकादोंनी मुद्दाम घातला नव्हता. ५५ आकृत्या हलविताना त्या काळच्या प्रोसेसरची दमछाक होई. आकृत्या कमी झाल्या की त्याचा भार हलका होई आणि तो भराभर काम उरकी. निशिकादोंच्या हे लक्षात आले तेव्हा त्यांनी ते तसेच राहू दिले. त्यांची रसिकता इथे दिसते. बरोबर चार सुरांचा एक खर्जातला ठेका वाजत असतो, तोही शत्रूबरोबर जलद होतो. ऐकणाऱ्याच्या छातीचे ठोके त्याच्याबरोबर वाढत नसतील तर नवल. (या खेळापायी जपानात नाण्यांची टंचाई पडली अशी एक गोष्ट नेहमी सांगतात. गोष्ट रंजक आहे; आधार मात्र तिला नाही.)

आणखी एक बारीक गोष्ट. सुरुवातीच्या पेट्यांतला पडदा काळापांढरा होता. रंगाची हौस भागविण्यासाठी त्यावर पारदर्शक रंगीत पट्ट्या चिकटवीत. खाली तोफेपाशी हिरवी, वर तबकडी उडते तिथे नारिंगी-तांबडी. आपल्याकडे काळ्यापांढऱ्या दूरदर्शन संचासमोर निळी काच लावणारी मंडळी होती, त्यांच्यातलाच हा प्रकार. हिरवा आणि नारिंगी या जोडीची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

पेटीत नाणे टाकून खेळायच्या या खेळांचे अर्थशास्त्र सरळ होते. खेळणारा जितका लवकर मरेल तितके दुकानदाराचे भले. फार लवकर मेला तर तो पुन्हा येणार नाही. फार वेळ टिकला तर पेटी अडून राहील. तेव्हा चार-पाच मिनिटांत माणूस हरावा, पण 'थोडक्यात हुकले' असे त्याला वाटत राहावे, इतका नेमका काटा साधलेला असे. मुंबई-पुण्याकडे ज्यांचे बालपण १९८० नंतरचे आहे त्यांना व्हिडिओ पार्लरमधला अंधार आणि खिशातली संपत चाललेली नाणी आठवत असतील. मग १९९०च्या सुमारास दूरदर्शन संचाला जोडायचे स्वस्त यंत्र आणि त्याची 'कॅसेट' घरोघर आली. तिच्यात एकीत शेकडो खेळ असल्याचे लिहिलेले असे आणि मोजायला बसले तर तेच ते पंधरा-वीस निघत. 'गॅलॅक्सियन' मात्र हटकून असे. नाण्याचा प्रश्न सुटला. पण तीन लाइफ, त्या संपल्या की पुन्हा पहिल्यापासून, हा नियम तसाच राहिला. दुकानदार गेला आणि त्याची हिशोबवही मात्र घरात राहिली, असा हा प्रकार. घरी बसून खेळणाऱ्याने इतक्यांदा का मरावे, याचे उत्तर पुष्कळ वर्षे कोणी दिले नाही.

मधल्या काळात या जातीच्या खेळांनी फार वळणे घेतली. 'ग्रेडियस' १९८५चा, 'आर-टाइप' १९८७चा. १९९३च्या 'बात्सुगुन'पासून पडदा शत्रूच्या गोळ्यांनी अक्षरशः भरून टाकण्याची रीत पडली. इंग्रजीत तिला 'बुलेट हेल' म्हणतात; गोळ्यांचा नरक. दिसायला ते अशक्य वाटते, पण त्यात एक युक्ती असते: आपले यान दिसते तेवढे मोठे, पण गोळी लागायची जागा त्याच्या मधोमध जेमतेम टिकलीएवढी. त्यामुळे गोळ्यांच्या रांगोळीतून वाट काढणे शक्य होते. आणि रांगोळी हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. या गोळ्यांच्या आकृत्या खरोखरच ठिपक्यांच्या रांगोळीसारख्या उमलतात. २००१ सालच्या 'इकारुगा'मध्ये तर यानाचा रंग काळा किंवा पांढरा करता येई आणि आपल्या रंगाच्या गोळ्या गिळता येत. रसिक आजही त्याचे नाव काढताना कानाच्या पाळीला हात लावतात.

पण मोठ्या कंपन्यांचे लक्ष तोवर दुसरीकडे वळले होते. त्रिमिती चित्रे, सिनेमासारख्या कथा, शेकडो माणसांचे ताफे. एका तासात संपणाऱ्या आणि शंभर वेळा हरविणाऱ्या खेळात कोण पैसा घालणार? तेव्हा ही जात पुन्हा आपल्या मूळ मालकांकडे, म्हणजे हौशी मंडळींकडे आली. इंग्रजीत अशा खेळांना 'इंडी' म्हणतात. आपल्याकडे हौशी रंगभूमी आहे तसेच हे. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम, पडद्याला पैसे नाहीत म्हणून नेपथ्यात कल्पकता, आणि राज्य नाट्यस्पर्धेत कधी कधी धंदेवाईकांना लाजवील असा प्रयोग. हौशी नाटकाचे जे गुण तेच या खेळांचे, आणि जे दोष तेही बहुतेक तेच: आपल्या आवडीच्या गोष्टीला कात्री लावायला कोणी वर बसलेले नसते.

फिनलंडसारख्या थंड देशात हे पीक जोमाने यावे याचे मला नवल वाटत नाही. लांबच लांब हिवाळा, दुपारीच मावळणारा सूर्य आणि घरोघर संगणक. १९९२पासून तिकडे 'असेंब्ली' नावाचा संगणकी हौशी लोकांचा मेळावा भरतो. 'सुपर स्टारडस्ट' (१९९४) आणि 'रेसोगन' (२०१३) हे नावाजलेले आकाशयुद्धाचे खेळ फिनलंडचेच. त्याच देशातील दोघांनी 'सिस्टिम इरेजर' या नावाने अनेक वर्षे खपून 'झीरोरेंजर' तयार केला आणि २०१८ साली 'स्टीम' या संगणकी दुकानात विक्रीस ठेवला. इरेजर म्हणजे पुसून टाकणे. नाव असे का, हे खेळाच्या शेवटी चांगलेच कळते.

आता प्रत्यक्ष खेळ.

पडदा उघडताच डोळ्यांत भरतात ते रंग. सारा खेळ मुख्यतः हिरवा आणि नारिंगी या दोनच रंगांच्या छटांत रंगविलेला आहे. वर सांगितलेल्या त्या रंगीत पट्ट्यांची आठवण कर्त्यांच्या मनात होती की नाही, हे ते जाणोत. पण परिणाम तसाच जुना आणि तरीही ताजा आहे. यात सोय अशी की गर्दीतही नजर लवकर बसते. पुस्तकाच्या मुखपृष्ठाला दोनच शाया परवडत असत तेव्हा आपल्या चित्रकारांनी त्यातून काय काय काढले, हे ज्यांनी जुने दिवाळी अंक पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे. गरिबीतून आलेली शिस्त कधी कधी श्रीमंतीपेक्षा देखणी दिसते. इथे तसे झाले आहे.

दुसरा गुण हत्यारांच्या रचनेचा. सुरुवातीला यानाजवळ साधी समोर मारणारी तोफ. टप्पे ओलांडत जाल तसतशी नवी हत्यारे मिळतात, आणि मिळताना निवड करावी लागते. मागे मारा करणारी हवी की बाजूला पसरणारी? शत्रू हेरून त्याच्यावर आपणहून जाणारी हवी की कळ दाबून धरून जोर साठविणारी? एक घेतले की दुसरे त्या डावापुरते गेले. पुढे तर यानाचे रूपांतर माणसाच्या आकाराच्या यंत्रात होते, आणि त्याच्या हातात येते एक प्रचंड गिरमिट. आतापर्यंत शत्रूपासून दूर पळणारे आपण आता त्याच्या अंगावर धावून जाऊ लागतो. ज्याने तासभर भीतीने कोपरे धरले त्याला हे गिरमिट हाती आल्यावर काय वाटते, ते पाहण्यासारखे असते. माझा अकरावीतला पुतण्या एरवी घरात तोंड उघडत नाही. गिरमिट मिळाले त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात येऊन सर्वांना हातवारे करून सांगत होता आणि त्याच्या आईने कढई उतरवून ते ऐकून घेतले.

संगीताबद्दल लिहायचे तर ते चांगले आहे एवढे सांगून थांबत नाही, कारण इथे ते नुसते मागे वाजत नाही. एखादी ओळखीची धून संकटाच्या वेळी बदललेल्या रूपात परत येते आणि आपल्याला 'हे कुठे ऐकले?' असे वाटते न वाटते तोच मोठा शत्रू पुढे उभा राहतो. नाटकात एखाद्या पात्राच्या प्रवेशाआधी त्याचे पद पेटीवर वाजावे तसे. दोन माणसांच्या घरगुती कारखान्यातून एवढे निघाले, हे विशेष.

पण या खेळाचा खरा शहाणपणा आहे तो त्याच्या जमाखर्चात. वर जो प्रश्न सोडून दिला, घरी खेळणाऱ्याने का मरावे, त्याचे उत्तर येथे मिळते. आपण जे गुण मिळवतो ते डाव संपल्यावर वाया जात नाहीत. ते एका खात्यात साठत राहतात आणि पुरेसे साठले की पुढच्या डावांसाठी एक 'कंटिन्यू', म्हणजे मेल्यावर पुन्हा उठण्याची संधी, वाढवून मिळते. शिवाय ज्या टप्प्यापर्यंत एकदा पोचलो तिथून खेळ सुरू करता येतो. अगदी पोस्टातल्या बचत खात्यासारखे! आज हरलात तरी चार आणे जमा. हात बसायला वेळ लागतो त्याला आठवडा जास्त लागेल, पण त्याचे खाते भरत राहील. पेटीतल्या खेळात दर मरणाला नाणे द्यावे लागे. इथे मरणाच्या बदल्यात नाणे मिळते. दुकानदाराची हिशोबवही कर्त्यांनी उलट्या बाजूने लिहिली आहे, आणि मला ही गोष्ट रंग, हत्यारे, संगीत या सर्वांहून मोलाची वाटते.

पालकांच्या दृष्टीने आणखी एक जमेची बाजू सांगून टाकतो. खेळ एकदा विकत घेतला की झाले. खेळता खेळता नाणी घ्या, रत्ने घ्या, पेटी उघडा आणि नशीब पाहा, असला फोनवरच्या खेळांत बोकाळलेला प्रकार यात नाही. रक्त नाही, माणसे मारायची नाहीत. सबंध डाव एका बैठकीत संपतो, त्यामुळे 'अजून पाच मिनिटे' याला काही तरी हद्द राहते. (हद्द राहते असे म्हटले, पाळली जाते असे म्हटलेले नाही.)

आता दोष. ते आहेत, आणि बारीक नाहीत.

पहिला दोष हौशी नाटकवाल्यांचा नेहमीचा: आधीच्यांचे ऋण फेडता फेडता घर भरून जाते. 'इकारुगा', 'रेडियंट सिल्व्हरगन' आणि अशा कित्येक जुन्या खेळांना या खेळात जागोजागी नमस्कार घातलेला आहे. ज्याने ते खेळ पाहिले आहेत त्याला प्रत्येक नमस्कारावर गुदगुल्या होतात. ज्याने पाहिले नाहीत त्याला मात्र पाहुण्यांच्या गप्पांत सापडलेल्या पोरासारखे वाटते. सगळे हसताहेत, आपण का हसावे ते कळत नाही. दोन-चार नमस्कार कमी घातले असते तर मूर्तीचा काही अपमान झाला नसता.

दुसरा दोष कथेचा. कथा आहे, पण ती कोड्यात बोलते. अधूनमधून ज्ञानप्राप्तीचे, बोधाचे शब्द येतात, एखादे वाक्य चमकून जाते, आणि आपण गोळ्या चुकवीत असल्यामुळे ते धड वाचताही येत नाही. आपल्याकडच्या वाचकाला बोध हा शब्द नवा नाही. खेळातून मोक्षाची वाट दाखविण्याचा उद्योग आपण फार पूर्वी केलेला आहे. सापशिडीचा पूर्वज जो मोक्षपट, त्याचे कर्तेपण परंपरेने ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. पण मोक्षपटात कोणत्या घरात कोणता दुर्गुण आणि कोणत्या शिडीखाली कोणता सद्गुण, हे स्वच्छ लिहिलेले असे. घरातली म्हातारी आणि नातवंड दोघेही ते वाचू शकत. इथे धुके फार आहे. काहींना धुके आवडते. मला धुक्यातून गाडी हाकण्यापेक्षा रस्ता दिसलेला बरा वाटतो.

तिसरा दोष रंगांच्याच गुणाची दुसरी बाजू. दोनच रंग असल्यामुळे स्फोटांची धमाल उडाली की शत्रूची गोळी कोणती आणि फुटलेल्या यानाचा तुकडा कोणता, हे क्षणभर कळेनासे होते. आणि या खेळात क्षणभर म्हणजे एक लाइफ. डोळेही लवकर शिणतात. इथे आईबापांना एक सूचना करून ठेवतो, ती या एकट्या खेळापुरती नाही. १९९७च्या डिसेंबरात जपानमध्ये एका लोकप्रिय कार्टून मालिकेतील तांबड्या-निळ्या लखलखाटाने ६००हून अधिक प्रेक्षकांना, त्यांत बहुतेक मुलेच, रुग्णालयात न्यावे लागले होते. ज्या मुलाला फेफऱ्याचा त्रास आहे किंवा होऊन गेला आहे, त्याने झगमगाटाचा कोणताच खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नये. इतरांनीही खोलीत दिवा लावून आणि पडद्यापासून दूर बसूनच खेळावे.

चौथी उणीव म्हणजे हा एकट्याचा खेळ आहे. या घराण्याचा मूळ पुरुष 'स्पेसवॉर' हा दोघांचा होता, हे मी मुद्दाम ध्यानात ठेवायला सांगितले होते. दिवाळीच्या दुपारी बहीणभाऊ शेजारी बसून भांडत भांडत खेळतील, ही सोय येथे नाही. एकाने खेळायचे आणि दुसऱ्याने 'डावीकडे, डावीकडे!' म्हणून ओरडायचे, एवढीच भागी.

खेळाचा उत्तरार्धही काहींना खटकेल. पहिली फेरी संपली की दुसरी त्याच वाटेने जाते. ठिकाणे तीच, पण बदललेली, कठीण झालेली, काही वेळा अगदीच अनपेक्षित. ज्याला वाटते की हा आळस आहे त्याने ती फेरी पुरी खेळलेली नसते. मला ती पहिल्या फेरीपेक्षा सरस वाटली. पण पहिल्या फेरीतच थकलेल्या माणसाला 'आता पुन्हा तेच' असे वाटले तर त्याला दोष देणार नाही.

आणि आता त्या शेवटाविषयी. ज्यांना हा खेळ स्वतः खेळून पाहायचा आहे त्यांनी पुढचे परिच्छेद गाळून एकदम अखेरीस यावे. कादंबरीचा शेवट आधी सांगण्याचे पाप माझ्या माथी नको.

दोन्ही फेऱ्या पुऱ्या करून, कित्येक दिवसांच्या सरावानंतर, खेळणारा अखेरच्या शत्रूपुढे येतो. तिथे खेळ त्याला एक प्रश्न विचारतो: आजवरची सगळी जमा पणाला लावायची तयारी आहे का? जमा म्हणजे खात्यातले सगळे. मिळविलेले कंटिन्यू, गाठलेले टप्पे, सारे काही. हो म्हटले आणि जिंकलात तर शेवट पाहायला मिळेल. हो म्हटले आणि हरलात तर खाते खरोखरच पुसले जाते. धमकी नाही, सोंग नाही. खेळ पुन्हा पहिल्या दिवसासारखा कोरा. 'इरेजर' नाव सार्थ!

द्यूताची कथा आपल्या रक्तात असल्यामुळे पण या शब्दाने आपल्या अंगावर काटा येतो. धर्मराजाने एकेक करून सगळे लावले. इथे एकदम सगळे लावायचे. आणि गंमत पाहा, ज्या खेळाने आपल्याला पोस्टातल्या खात्याची सवय लावली, थेंबे थेंबे साठवायला शिकवले, तोच शेवटी म्हणतो, टाक ते सगळे. आपल्या मध्यमवर्गीय मनाला याचा जेवढा धसका बसेल तेवढा दुसऱ्या कशाचा बसणार नाही. पहिला विचार काय येतो? संगणकावरची ती फाईल आधी दुसरीकडे उतरवून ठेवावी. म्हणजे हरलो तरी बुडालो नाही. युक्ती चालण्यासारखी आहे, आणि जगभर अनेकांना सुचली असणार. पण मग तो पण कसला? मुदत ठेव मोडायची नाही आणि जुगारही खेळायचा, यातली ती गोष्ट.

हा शेवट न्याय्य आहे का? मी यावर बराच विचार केला. विरुद्ध बाजू बळकट आहे. ज्याचे हात चपळ आहेत त्याला खाते पुसले गेले तरी काय. तो दोन संध्याकाळींत पुन्हा तिथवर येईल. ज्याने महिनाभर रखडत, एकेक आणा जमवीत मजल गाठली त्याचेच नुकसान मोठे. म्हणजे दंड सर्वांना सारखा नाही. ज्याला दयेची गरज त्याच्याशीच खेळ शेवटी निर्दय होतो, आणि तेही आधी त्याच्यावर दया करून. शिवाय नोकरीधंदा सांभाळून खेळणाऱ्याला 'पुन्हा पहिल्यापासून' म्हणजे बहुधा 'पुन्हा कधीच नाही'.

तरीही माझा कौल खेळाच्या बाजूने पडतो, आणि त्याचे कारण मी पाहिलेले एक दृश्य आहे. पुतण्याने 'हो' म्हटले तेव्हा मी शेजारी बसलो होतो. तो हरला. पडदा कोरा झाला. मला वाटले आता आदळआपट होणार. तो थोडा वेळ गप्प बसला, मग उठून पाणी पिऊन आला आणि पहिल्या टप्प्यापासून खेळायला बसला. ज्या टप्प्याशी तो महिन्यापूर्वी चार दिवस झगडत होता तो टप्पा त्याने एकही लाइफ न गमावता, जवळजवळ बोलता बोलता, ओलांडला. खात्यात शून्य होते. बोटांत मात्र सगळे होते. ते त्याच्याही ध्यानात आले असावे, कारण मधेच त्याने एकदा स्वतःच्या हाताकडे पाहिले. कर्त्यांना ज्ञानप्राप्तीच्या नावाखाली हेच सांगायचे असेल तर कोड्यात बोलणारी कथा त्यांनी सबंध गाळली असती तरी चालले असते. शेवटच्या प्रश्नाने ते काम एकट्याने केले आहे.

ज्यांनी मधले गाळले ते आता परत आले असतील. त्यांच्यासाठी व्यवहाराचे चार शब्द. दहा वर्षांखालच्या मुलाला हा खेळ देऊ नये. तो रडेल आणि त्याचे रडणे योग्य असेल. ज्याला हरण्याचा राग येतो त्या थोरानेही जपून. कळफलकापेक्षा हातात धरायच्या कंट्रोलरवर हा खेळ सुखाचा होतो, बोटे कमी दुखतात. पहिल्या दिवशी जिंकण्याचा विचार करू नये, पहिल्या टप्प्यावर शत्रू कोणत्या बाजूने येतात एवढेच पाहावे. ते दर वेळी तिथूनच येतात, आणि हे पाठांतर आपल्या लोकांना जड जाऊ नये. आवाज बंद करून खेळण्यात मात्र अर्थ नाही. शेजाऱ्यांचा प्रश्न असेल तर कानाला हेडफोन लावावा.

२०२३ साली याच दोघांनी दुसरा खेळ काढला, 'व्हॉइड स्ट्रेंजर'. त्यात यान नाही, गोळ्या नाहीत आणि हिरवा-नारिंगी रंगही नाही, सगळे काळेपांढरे. एका काठीने जमिनीतली फरशी उचलायची, दुसरीकडे बसवायची आणि असे करीत मजल्यामागून मजला खाली उतरत जायचे, असे ते कोडे आहे. पुतण्याने तो घेतला आहे. मला वाटले होते, यात तरी काही पणाला लावायचे नसेल. विचारले तर तो म्हणाला, "काका, ते आत्ताच सांगत नाही."